बदकांच्या आधी

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझ्या बायकोला शहराची किनाऱ्यावरची वाट दुरुस्त करायची होती. म्हणजे बघा, एकाच घरात दोन पक्ष. त्या वाटेवरच्या खड्ड्यांत ज्या सायकलींची चाकं वाकतात त्यांच्यावर माझं पोट चालतं, आणि ते खड्डे बुजावेत म्हणून ही बाई वर्षानुवर्षं अनुदानाचे अर्ज लिहीत बसलेली. मी म्हणायचो, "अगं, नवऱ्याच्या पोटावर पाय देतेयस." ती मान वर न करता म्हणायची, "तुम्ही पंक्चर काढा."

मला राग लवकर येतो, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तिला येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. नगरपालिकेच्या उद्यान खात्यात ती लिपिक. काम कागदाचं, पण जीव सगळा रस्त्यावर. तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी मोजपट्टी असते. नवी फरशी दिसली की ती बुटाच्या टोकाने दाबून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. लग्नानंतर आम्ही डोंगरात फिरायला गेलो होतो. बाकीची जोडपी दरीकडे बघत होती आणि ही पायऱ्यांकडे. शेवटी मला म्हणाली, "अहो, इथे पाणी जायला जागाच ठेवली नाहीये." मी तिथेच ओळखलं की आपलं पुढचं आयुष्य कसं जाणार आहे.

अनुदानाचं काम तिच्या गळ्यात पडलं ते साहेबांमुळे. किनाऱ्यांच्या सुधारणेसाठी पैसे देणारा एक मोठा निधी आहे. दर वर्षी शहरं अर्ज करतात, निधीची समिती त्यातली थोडी निवडते. आमच्या नगरपालिकेची तिजोरी कायम रिकामी, तेव्हा हाच एक मार्ग. साहेबांनी फाईल तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुम्हीच करा, तुमचं अक्षर चांगलं आहे." अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. पण साहेबांना काही बोलायची सोय नाही.

पहिल्यांदा समितीने वाटाण्याच्या अक्षता लावल्या, का तर अर्ज चुकीच्या विभागात केला होता. पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्याशा शहराचा नंबर लागला. त्यानंतर जे उत्तर आलं ते तिला फार लागलं. 'काम झाल्यावर देखभाल कोण करणार, याचं समाधानकारक उत्तर अर्जात दिसत नाही.' एवढंच. ती ते वाक्य घेऊन आठवडाभर फिरत होती. भाजी चिरताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "अहो, समाधानकारक म्हणजे नक्की कसं हो?" मला काय विचारतेस, मी हवा भरणारा माणूस.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण खरं घोडं तिथेच पेंड खात होतं.

किनाऱ्याची वाट जिथे संपते त्याला आम्ही नुसतं टोक म्हणतो. तिथे पूर्वी होडीचा धक्का होता. खाडीच्या पलीकडच्या काठावर जायचं तर होडीनेच, आणि तिकीट द्यायला टोकावर एक लाकडी खोली, तिला छोटी खिडकी. त्या खिडकीत सासूबाईंनी उभं आयुष्य काढलं. मग पूल झाला, होडी बंद पडली, खिडकीवर फळ्या ठोकल्या गेल्या. तरी सासूबाई रोज चालत टोकावर जायच्या आणि समोरचं मोकळं पाणी बघून परत यायच्या. कमरेचं हाड मोडलं तेव्हा ते बंद झालं. मग त्या आमच्याकडे राहायला आल्या, व्हीलचेअर आली, आणि तिची चाकं मी माझ्या हाताने बदलली, जाड टायरची, म्हणजे निदान गल्लीतून तरी नीट चालेल.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्यांना किनाऱ्यावर नेतो. पण कुठपर्यंत? दगडी कट्ट्यापर्यंत. तिथपर्यंत फरशी आहे. पुढे नुसती माती, चाकोऱ्या, वर आलेली मुळं, आणि मधोमध एक खोलगट पट्टा. मोठ्या भरतीला पाणी त्या पट्ट्यातून आरपार जातं आणि दर वेळी थोडी वाट सोबत घेऊन जातं. कट्ट्यावरून होड्या ठेवायच्या शेडची मागची भिंत दिसते आणि तिच्या बाजूने पाण्याची एक चिंचोळी पट्टी. सासूबाई म्हणायच्या, "जावईबापू, इथून समुद्राची पाठ दिसते. तोंड टोकावरून."

वाटेची डागडुजी करणारी जी टोळी आहे तिचा मुकादम एकदा म्हणाला, "आजी, आम्ही चौघं मिळून उचलून नेतो तुम्हाला." सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो फावडं घेऊन सरळ दुसऱ्या कामाला गेला. "मी सामान नाही," त्या म्हणाल्या. आणि घरी येऊन मला हळूच म्हणाल्या, "एकदा आपल्या चाकांवर जायचंय तिथे. मग काही मागणार नाही." हे वाक्य स्वयंपाकघरात बायकोने ऐकलं. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज सुरू झाला.

तर तो अर्ज. ती रोज जेवताना आम्हाला वाचून दाखवायची. मी म्हणायचो, "जेवू दे की." ती म्हणायची, "कानाने जेवता का?" आम्ही दोघं तिचे परीक्षक. 'अत्यंत' हा शब्द दिसला की ती स्वतःच खोडायची. म्हणायची, "अत्यंत म्हटलं की माणूस घाबरून पाकीट धरतो." अर्जात एक भाग होता, या वाटेचा उपयोग कोणाला होईल. त्यात तिने लिहिलं होतं: धावायला येणारे, शाळेतली मुलं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सायकलवाले, पक्षी बघायला येणारी मंडळी. शेवटी तिने वेताच्या झुडपांत घरटी करणाऱ्या बदकांवर एक सबंध परिच्छेद लिहिला होता. बदकांना त्रास न होता वाट कशी वळवता येईल, वगैरे.

सासूबाईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मी?"

"आई, घरचं माणूस अर्जात आणायचं नसतं," बायको म्हणाली. "उद्या कोणी म्हणेल, बाईने आईसाठी लोकांचे पैसे मागितले."

"बरं मग, माझं नाव नको. म्हातारी माणसं एवढं तरी लिही."

"ते लिहायला घेतलं की मला तूच दिसतेस. मग हात चालत नाही."

"बदकं तुझ्या पोटची नाहीत, म्हणून त्यांचं बरं चाललंय," सासूबाई म्हणाल्या आणि ताट सरकवून उठायला निघाल्या. उठता येत नाही म्हणून मग मलाच खुर्ची ढकलावी लागली. पुढे दोन दिवस मायलेकींचा अबोला. निरोप माझ्यामार्फत. "तिला सांगा मीठ कमी आहे." "तिला सांगा मीठ समोरच आहे." मी वैतागून म्हणालो, "मी काय पोस्टमन आहे?" तेव्हा दोघी एकदम हसल्या आणि अबोला सुटला. पण बदकं अर्जात राहिली आणि सासूबाई बाहेरच राहिल्या.

बायकोचं हे नोकरीचं शेवटचं वर्ष. म्हणजे हा शेवटचा अर्ज. तिच्यानंतर ती फाईल उघडायला खात्यात कोणी तयार नव्हतं. आणि या खेपेला पहिल्यांदाच समितीने कळवलं की दोन जण जागा पाहायला येतील. बाई दिवसभर घरात गुणगुणत होती. तिचा आवाज अगदीच बेताचा आहे, पण मी एक शब्द बोललो नाही.

आता यातली गंमत अशी. वाटेची ती टोळी तिच्यावर जीव टाकते. गुडघाभर चिखलात ही माणसं साध्या चपलांनी काम करायची. हिने इतका पाठपुरावा केला की साहेबांच्या नाकी नऊ आले आणि टोळीला गमबूट मिळाले. तेव्हापासून बाईंचा शब्द म्हणजे शब्द. आणि नगरपालिकेत एक जुनी रीत आहे. कोणी मोठं माणूस येणार म्हटलं की आदल्या दिवशी जिकडेतिकडे साफसफाई, कडेला चुन्याची रेघ, कुठून कुठून उचलून आणलेल्या कुंड्या. वर्षानुवर्षं या टोळीने हेच केलंय. कोणी सांगावं लागत नाही.

बायको मुकादमाला एवढंच म्हणाली, "उद्या समितीचे पाहुणे पाहणीला येतायत. तुम्ही हजर राहा." आणि ऑफिसात नकाशे लावायला निघून गेली. वाटेला हात लावू नका, हे सांगायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. वाट किती वाईट आहे ते दाखवायला पाहुणे बोलावलेत, हे टोळीला कसं कळणार? पाहुण्यांना वाईट गोष्ट दाखवायची, असं त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना घेऊन नेहमीसारखा कट्ट्यापाशी आलो आणि बघतच राहिलो. कट्ट्याला हिरवा रंग मारलेला, अजून ओला. पुढच्या सगळ्या वाटेवर मुरूम टाकून तो धुमसाने ठोकून ठोकून सपाट केलेला. मुळांवर माती, खड्ड्यांवर माती. खोलगट पट्ट्यात वाळूचा भराव आणि त्यावर ओळीने फळ्या टाकलेल्या. चुन्याची रेघसुद्धा होती. समुद्राच्या बाजूने.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "ही वाट काल नव्हती."

आज पाहुणे येणार, आणि वाट अशी नवरीसारखी नटलेली. बायकोला फोन केला, तर तो बंद. ती समितीला घ्यायला स्टेशनावर गेली होती. मी तिथे येरझाऱ्या घालत स्वतःशीच बडबडत होतो आणि सासूबाई मात्र शांतपणे वाटेकडे बघत होत्या.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? टोकावर. आज चाकं जातील."

"अहो आई, आज पाहणी आहे. तुमची लेक माझी चामडी सोलेल."

"तिला मी सांगते काय सांगायचं ते. उद्या ही वाट राहील का? तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार. उद्या नक्कीच राहणार नव्हती. मी विचारलं, "भरती कधी आहे?" ज्या बाईने आयुष्यभर भरती-ओहोटीवर तिकिटं विकली तिने आकाशाकडे बघितलं आणि म्हटलं, "असेल, दुपारी कधीतरी." मी खुर्ची ढकलायला लागलो.

काय सांगू तुम्हाला. मुरूम चाकांखाली चुरचुरत होता, फळ्या धडधडत होत्या, आणि सासूबाई दोन्ही हातांनी खुर्ची धरून पुढे झुकून बसल्या होत्या. शेड मागे पडली. मग एकदम सगळं मोकळं झालं. मी त्यांना आधी तिकिटाच्या खोलीशी नेलं. खिडकीवर फळ्या होत्या, पण खालची फळी, जिच्यावर लोक नाणी ठेवायचे, ती जागेवर होती. मधोमध झिजून खोल झालेली. सासूबाईंनी तिच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "आता तोंड फिरवा माझं."

मी खुर्ची पाण्याकडे वळवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. नंतर म्हणाल्या, "मला वाटलं नव्हतं परत दिसेल." मला स्वतःला भरून आलं. मी नाक शिंकरून वाऱ्याला दोष दिला.

दोनतीनदा मी म्हणालो की निघू या. दर वेळी "आत्ताच तर आलो" हे उत्तर. शेवटी मी मागे वळून बघितलं तर खोलगट पट्ट्यात पाणी चमकत होतं.

मधल्या वेळात तिकडे कट्ट्यापाशी काय झालं ते मला मुकादमाने नंतर सांगितलं. समितीकडून दोघं आली होती. एक अध्यक्षबाई, उंच, बारीक कापलेले पांढरे केस. दुसरे त्यांचे हिशेबनीस, हातात फाईल आणि चेहऱ्यावर संशय. हिशेबनीसांनी मुरुमावर टाच दाबून बघितली. "घट्ट आहे की," ते म्हणाले. "फोटोत तर नुसते खड्डे होते. फोटो नक्की इथलेच ना?"

मुकादम छाती काढून उभा होता. त्याला वाटलं कौतुक चाललंय. "कसं वाटलं साहेब?" त्याने विचारलं.

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता म्हणे. मी तिथे असतो तर कोणावर तरी ओरडलो असतो. ती म्हणाली, "ही वाट काल सकाळपर्यंत अशी नव्हती. आमच्या माणसांनी काल दुपारी ही केली, तुम्ही येणार म्हणून. मी करा म्हटलं नव्हतं. पण करू नका असंही म्हटलं नाही. चूक माझी आहे."

तेव्हा मुकादमाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याची मान जी खाली गेली ती वर येईना. "बाई," तो म्हणाला, "पाहुणे म्हणालात ना तुम्ही."

"हो, म्हणाले खरी," ती म्हणाली आणि त्याच्या दंडावर थोपटलं.

अध्यक्षबाईंनी मुकादमाला विचारलं, "फळ्या कुठून आणल्या?" तो म्हणाला, "दोन खात्याच्या. बाकीच्या आपापल्या घरून. ती रुंद आहे ना, ती माझ्या फाटकाची." हिशेबनीस म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण आम्ही कल्पनेवर पैसे द्यायचे का? वाट खराब आहे हे दिसायला तर हवं." आणि त्याच वेळी मुकादमाचं फाटक पाण्यावर तरंगत त्यांच्या समोरून गेलं.

भरती त्या दिवशी मोठी होती. वाळूचा भराव बघता बघता विरघळला. एकेक फळी सुटी झाली. चुन्याची रेघ पाण्यात पांढरी पसरली. हिशेबनीस दोन पावलं मागे सरकले आणि अध्यक्षबाई दोन पावलं पुढे. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "टोकावर कोणीतरी आहे," त्या म्हणाल्या. "व्हीलचेअर दिसतेय."

मी इकडून हात हलवत होतो. काय करणार, दुसरं काही सुचेना. बायकोने मला ओळखलं, मग खुर्ची ओळखली. ती बूट काढून तशीच पाण्यात शिरली. तिच्या मागून टोळी, गमबूट घालून. आणि सगळ्यांच्या मागून अध्यक्षबाई, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हातात बूट. पाणी फार नव्हतं, गुडघ्याच्या खालीच. पण खुर्ची त्यातून न्यायची तर चाकं रुतून बसली असती.

बायको धापा टाकत आमच्यापाशी पोचली. माझ्याकडे असं बघितलं की मी आपला सायकलींचा विचार करायला लागलो. ती काही बोलणार तेवढ्यात अध्यक्षबाई आल्या. त्या खाली वाकून सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, ठीक आहात ना? घाबरलात का? तुमच्या घरचं कोण आहे इथे?"

सासूबाईंनी आधी लेकीकडे बघितलं. ओल्या पँटीकडे, हातातल्या फाईलकडे, तोंडाकडे. आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "कोणी नाही हो. मी अशीच एक नागरिक. फिरायला आले होते."

"आणि हे?" अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं.

"हा सायकलवाला. भला माणूस आहे, ढकलतो कधी कधी."

सासूबाईंचं बोलणं चालूच होतं. बायकोकडे बोट दाखवून त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "या नगरपालिकेच्या बाई वाटतं? माझी यांची ओळख नाही. पण बाई कामाच्या दिसतात."

मी बायकोला इतक्या वर्षांत रडताना फारसं बघितलेलं नाही. त्या दिवशी तिची हनुवटी थरथरायला लागली. तिने खुर्चीशेजारी पाण्यानं भिजलेल्या जमिनीवर गुडघे टेकले आणि म्हणाली, "आई, पुरे." मग वर बघून अध्यक्षबाईंना म्हणाली, "ही माझी आई आहे. या खिडकीत तिने तिकिटं विकली. कट्ट्याच्या पुढे तिला येता येत नाही. अर्जात मी हिच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही, कारण मग हे काम मी हिच्यासाठी करतेय असं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर, मी हिच्यासाठीच करतेय. हे तुम्हाला कळायला हवं, मग पैसे द्या किंवा देऊ नका."

सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घालवलंस. एवढं छान जमत आलं होतं."

अध्यक्षबाईंनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा आईकडे. "आजी," त्या म्हणाल्या, "नाक सारखंच आहे. मला आल्या आल्याच कळलं होतं." आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडे एकटे उभे असलेले हिशेबनीस दचकले.

मग परत नेण्याचा प्रश्न. मुकादम लांबूनच भीत भीत म्हणाला, "आजी, उचलू का? तुम्ही सामान नाही, ते लक्षात आहे माझ्या."

"आज होते सामान," सासूबाई म्हणाल्या. "येताना आपल्या चाकांवर आलेय मी." चौघांनी खुर्ची उचलली. पाण्यातून जाताना त्या ताठ बसल्या होत्या आणि मागे वळून सगळ्यांना विचारत होत्या, "तिकिटं काढलीत ना?"

कट्ट्यापाशी पोचल्यावर अध्यक्षबाई बूट घालता घालता मुकादमाला म्हणाल्या, "उद्या काय करणार तुम्ही?"

"उद्या?" त्याला प्रश्नच कळेना. "वाहून गेलं ते परत भरणार. दर भरतीनंतर भरतोच की."

"कोणी सांगतं का तसं?"

"नाही. लोक पडतात ना."

अध्यक्षबाईंनी हिशेबनीसांकडे बघितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. आमच्या घरी त्या रात्री मीच बडबडत होतो, की झालं, सगळं मातीत गेलं, त्या टोळीला अक्कल नाही, आणि बायको म्हणत होती, "अहो, त्यांनी प्रेमाने केलं." मी म्हणालो, "प्रेमाने केलं म्हणूनच तर ओरडताही येत नाही."

मंजुरीचं कळवलं तेव्हा ती ऑफिसातून चालत माझ्या दुकानात आली आणि उलट्या ठेवलेल्या सायकलीशेजारी नुसती उभी राहिली. मला वाटलं, नाही म्हणाले. मी पान्हा खाली ठेवला. "दिलं," ती म्हणाली. "कठडे आणि दिवे नाही दिले. पण वाट दिली, टोकापर्यंत. आणि त्यांनी लिहिलंय की देखभालीची व्यवस्था समाधानकारक आहे." मग ती माझ्या तेलकट हातांची पर्वा न करता मला बिलगली. दुकानात गिऱ्हाईक होतं. असू दे.

खोलगट पट्टा उचलून घेतला, खाली पाणी जायला मोठे पाइप टाकले, वर रुंद, सपाट वाट केली. झुडपांपाशी ती बदकांसाठी थोडी वळवली आहे. काम संपलं त्या दिवशी बायको टोकापर्यंत एकेक फरशी बुटाने दाबत गेली. माझ्या दुकानात वाकलेली चाकं येईनाशी झाली, पण आता इतक्या सायकली त्या वाटेवर फिरतात की ब्रेक आणि साखळ्यांमधून मला मान वर करायला फुरसत नाही. हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

ती निवृत्त झाली. पण समितीला शेवटचा अहवाल द्यायचा राहिला होता, आणि साहेब स्वतः फाईल घेऊन घरी आले. "तुमचंच अक्षर," वगैरे म्हणाले. तिने हसून फाईल घेतली. संध्याकाळी टेबलावर पुन्हा कागद आले आणि मी पुन्हा म्हणालो, जेवू दे की. कोणी लक्ष दिलं नाही.

"वाटेचा उपयोग रोज कोण करतं," तिने वाचलं आणि घसा साफ केला. "माझी वयोवृद्ध आई रोज टोकापर्यंत जाते. त्याशिवाय धावायला येणारे, शाळेतली मुलं..."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "थांब," त्या म्हणाल्या. "मी पहिली?"

"पहिली."

"बदकांच्या आधी?"

"बदकं शेवटी आहेत, आई."

सासूबाईंनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "ते वयोवृद्ध काढ. त्यांनी बघितलंय मला. नुसतं आई लिही."

बायकोने शब्द खोडला. "माझी आई रोज टोकापर्यंत जाते," तिने पुन्हा वाचलं.

"आणि परत येते," सासूबाई म्हणाल्या. "तेही लिही. नाहीतर त्यांना वाटेल, म्हातारी अजून तिकडेच बसलीये."

तिने तेही लिहिलं.